फाटकवाल्या काकाजींची प्यादी

भंडारा जिल्ह्यात धानाची काळजी करणारी माणसं गावोगाव सापडतील, पण प्याद्यांची काळजी करणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच होऊन गेला आणि तो तुमसर रोडजवळच्या एका रेल्वे फाटकावर ड्यूटीला होता. मी त्यांना काकाजी म्हणत असे. सत्तरच्या दशकात मी दिघोरीहून तुमसरच्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो. माझी खोली रुळांच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या. त्यामुळे दिवसातून दोनदा सायकल हातात धरून त्या बंद फाटकापुढे उभं राहणं माझ्या नशिबी आलं. पहिल्याच आठवड्यात केबिनच्या ओट्यावर मांडलेला बुद्धिबळाचा पट दिसला. "येते काय गुरुजी?" खाकी शर्टातल्या त्या उंच, काळ्यासावळ्या माणसानं विचारलं. येतं म्हणालो. कॉलेजात मी बरा खेळत असे, निदान तसा माझा समज होता. गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांत मी दोन्ही घोडे नाचवले, वजीर बाहेर काढला आणि त्यांचा एक उंट मारला. फाटक उघडलं तेव्हा मी ऐटीत सायकलवर टांग मारत होतो, तर मागून आवाज आला, "उंट नेला ते बरं केलं गुरुजी. पण घराची भिंत पाडून नेला."

काकाजींचा पट पाहिला म्हणजे त्यांची जगाकडे पाहण्याची रीत कळत असे. सोळाच्या सोळा प्यादी सागवानाची, सुताराकडे बसून स्वतः करवून घेतलेली, तेलपाणी केलेली. बाकी सगळा दरबार मात्र गोळा केलेला. शाईच्या बाटलीचं बूच म्हणजे राजा, संपलेल्या टॉर्चचे सेल म्हणजे हत्ती, चिंचोके म्हणजे उंट, आणि काळा वजीर तर काकींच्या मोडक्या फणीचा तुकडा होता. राजासाठी तरी जरा बरं लाकूड आणा की, असं मी एकदा सुचवलं. "राजा काय करते? बसते. बसाले बूच पुरते," ते म्हणाले आणि एका प्याद्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

या प्याद्यांच्या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. स्टेशनातून फोनची घंटी वाजली की फाटक लागायचं, आणि फाटक लागलं की धानाच्या बंड्या, मँगनीजचे ट्रक, गिरणीतले मजूर, सायकलवाले, सगळे अडकायचे. त्यातला कुणीतरी ओट्यावर येऊन बसायचा. गाडी जवळ आली की काकाजी भर चालीतून उठायचे, हिरवी झेंडी घेऊन पटाकडे पाठ करून ताठ उभे राहायचे आणि शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत मान वळवायचे नाहीत. मग फाटक उघडायचं आणि समोरचा खेळाडू निघून जायचा. डाव पंधराव्या चालीला तुटायचा. एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो डाव सुरू केले होते आणि संपवला एकही नव्हता. पहिल्या पंधरा चालींत मुख्यतः काय ठरतं, तर प्यादी कुठं उभी राहणार ते. म्हणून माणूस गेला की ते बूच, सेल, चिंचोके सगळं उचलून डब्यात टाकायचे आणि उरलेल्या प्याद्यांकडे डॉक्टर छातीचा फोटो पाहतो तसे पाहत बसायचे. त्यावरून डावाचा निकाल सांगायचे. दुसऱ्या दिवशी तो मनुष्य पुन्हा अडकला की त्याला कळायचं की काल आपण हरलो.

ते सांगायचे ते मात्र सोळा आणे खरं असायचं, हे मला गणिताच्या मास्तराला कबूल करावं लागलं. एका ओळीत एकामागे एक आलेली माझी दोन प्यादी पाहून ते म्हणाले, "बंडीले बैल बाजूबाजूनं जुपतेत गुरुजी, मागंपुढं नाई." शेजारी सोबती नसलेलं एकटं प्यादं दिसलं की त्यांना खरोखर वाईट वाटायचं. "याच्या घराले आग लागली तं बादली घेऊन कोण येईन?" असं ते विचारायचे, आणि मग पुढच्या चार चालींत स्वतःच ती आग लावायचे. एकमेकांच्या आधारानं तिरकी उभी असलेली साखळी तोडायची असेल तर टोकाला न भिडता बुडाशी घाव घालायचा, हे त्यांनी मला एका मालगाडीच्या वेळात शिकवलं. दोन वर्षं त्यांनी मला घोड्यांना हात लावू दिला नाही म्हटलं तरी चालेल. मी घोड्याकडे हात नेला की ते घसा खाकरायचे.

एका ट्रक ड्रायव्हरनं एकदा काकाजी झेंडी घेऊन उभे असताना मागच्या मागे हातचलाखी केली. आपला घोडा एक घर सरकवला आणि काकाजींचं एक प्यादं मागं ढकललं. गाडी गेल्यावर काकाजी येऊन बसले, पटाकडे एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "घोडा कुठंई ठेव, मी काई म्हणत नाई. पण प्याद्याले चालत पुढं जाऊ दिलं होतं म्या, त्याले कायले परत आणलं?" ड्रायव्हर त्यानंतर महिनाभर लांबच्या रस्त्यानं जात असल्याचं ऐकलं. काकाजींचं हे वेड पटापुरतं राहतं तर बरं झालं असतं. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले तर त्यांनी मुलीला काही न विचारता घराच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण राहतं याची चौकशी केली. काकी म्हणायच्या, "लोकाचा नवरा दारू पेते, तं लोक त्याले समजावतेत. याले काय म्हणून समजावू?"

पण या माणसाच्या मनात एक साधी इच्छा होती आणि ती त्यांनी मला एका पावसाळी सकाळी सांगितली. लाईनवर काम चालू होतं आणि फाटक नेहमीपेक्षा जास्त वेळ बंद होतं. वीस-बावीस चाली झाल्या, तेव्हा त्यांचे डोळे चमकायला लागले. तेवढ्यात गाडी आली. ते म्हणाले, "गुरुजी, एक डाव पुरा खेळायचा हाय. शेवटपर्यंत. आन् जिंकायचा हाय." त्यांना त्या वयात बढती नको होती, बदली नको होती. हवा होता तो एक संपलेला डाव. मी मनाशी ठरवलं की हे आपण करायचं. ऐंशीच्या आसपास भंडाऱ्याला जिल्ह्याची बुद्धिबळ स्पर्धा असल्याचं कळलं तेव्हा मी फॉर्म आणला, त्यांना न विचारता भरला आणि त्यांच्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतला.

स्पर्धेच्या दिवशी काकाजी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. शाळेचा हॉल, सतरंज्या, टिकटिक करणारी जोडघड्याळं आणि कमालीची शांतता. पंधराव्या चालीपर्यंत सगळं ठीक होतं. मग ते अस्वस्थ झाले. कान टवकारून ते कशाची तरी वाट पाहू लागले, आणि एकदा तर सवयीनं उठून उभेच राहिले. समोरचा कॉलेजचा मुलगा बिचारा, त्याला वाटलं काका डाव सोडून चालले. मी दुरून हातानं खूण केली तेव्हा ते ओशाळून बसले. पुढं मात्र त्यांचा जो खेळ झाला तो पाहण्यासारखा होता. एकेक करून मोठी मोहरी पटावरून उतरली. मुलाची प्यादी विखुरलेली होती, ती एकामागून एक पडली. शेवटी मुलाचा नुसता राजा उरला, आणि काकाजींचा राजा व घोड्याच्या ओळीतलं एक प्यादं. ते प्यादं राजाचं बोट धरून शेवटच्या घरात पोचलं.  काकाजींनी प्यादं उचललं, बाजूच्या मोहऱ्यांत हात घातला आणि त्या घरात घोडा ठेवला.

मुलगा पाहतच राहिला. एकट्या घोड्यानं राजा मरत नाही. हे काकाजींना ठाऊक नव्हतं, कारण तिथवर ते कधी गेलेच नव्हते. थोडा वेळ त्यांनी घोडा नाचवला, मग पंच आले आणि त्यांनी डाव बरोबरीत सुटल्याचं सांगितलं. काकाजी खुशीत होते. अर्धा गुण का होईना, डाव संपला होता. पंच जाता जाता म्हणाले, "काकाजी, जिंकलेला डाव होता. वजीर काहून नाही घेतला?"

"घोड्याच्या घरात पोचलं होतं ना ते," काकाजी म्हणाले.

"मग काय झालं? कोणत्याही घरात पोचू द्या. वजीर मागा, वजीर मिळते."

काकाजींनी नियम छापलेला कागद मागून घेतला आणि दोनदा वाचला. ते लहानपणी गावात मोठ्यांच्या मागं बसून खेळ शिकले ते जुन्या देशी रीतीनं. त्या रीतीत प्यादं ज्याच्या ओळीत पोचेल त्याचंच होतं. हत्तीच्या घरी हत्ती, घोड्याच्या घरी घोडा. पुढं फाटकावर कुणाकुणाकडून नव्या रीतीच्या चाली त्यांच्या कानावर आल्या आणि त्यांनी त्या उचलल्या, पण शेवटच्या घराची गोष्ट कधी निघालीच नाही. डाव तिथवर जाईल तेव्हा ना.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. वरठी मागं पडली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "छप्पन साली मी नागपूरले गेलो, दीक्षा घेतली. घरी येऊन बापाले सांगतलं, का तुमी करत होते ते काम मी करणार नाई. ज्या घरी जलम झाला त्याच घरचं व्हा लागते, हे मले मंजूर नाई. बापासंग भांडलो, गावासंग भांडलो." थोड्या वेळानं म्हणाले, "आन् पटावर? घोड्याच्या घरचं घोडाच होणार, असं धरून चाललो. एकदाई मनात नाई आलं का, काहून?"

 त्यांनी विचारलं, "तुमाले माहीत होतं, गुरुजी?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

मला कॉलेजापासून तो नियम ठाऊक होता. इतक्या वर्षांत सांगायची वेळ आली नाही, असं मी म्हणालो, आणि ते खरंही होतं. तरी मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली. दिघोरीच्या घरी मीही जुनी रीतच शिकलो होतो. मग नवी शिकलो, आणि दोन्हींत काय फरक आहे याचा विचार करायची गरज मला कधी पडलीच नव्हती. काकाजींनी माझ्या गुडघ्यावर थापटलं. "जाऊ द्या. आता तं समजलं," ते म्हणाले आणि तुमसर येईपर्यंत चक्क गुणगुणत होते.

त्यानंतरचं वर्षभर त्या फाटकावर जे चाललं त्याला प्रायश्चित्त म्हणावं की प्रचार, मला सांगता येत नाही. ज्याच्या ज्याच्याशी ते कधी खेळले होते त्याला गाठून ते चूक दुरुस्त करत होते. ट्रकच्या केबिनमध्ये डोकं घालून, बंडीच्या जुवाला धरून, "अरे, मी धरून चाललो होतो ते खोटं होतं, कोणतंई प्यादं वजीर होते," असं सांगत. अर्ध्या लोकांना आपण कधी खेळलो हेच आठवत नव्हतं. फाटकात थांबलेल्या एका वऱ्हाडाच्या गाडीतही त्यांनी हे सांगितलं म्हणतात. ते ऐकून नवरदेवानं हात जोडले. काकी मला म्हणाल्या, "गुरुजी, हा माणूस माह्या लग्नात एवढा खूश नव्हता."

पुढच्या वर्षी ते स्वतःहून रजा टाकून भंडाऱ्याला आले. नंतरही ते अनेकदा आले आणि अधूनमधून जिंकलेही. आज काकाजी नाहीत, फाटकावरून मी कधी जातो तेव्हा ओट्याकडे पाहवत नाही. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या दुसऱ्या वर्षीचा एक डाव दिसतो. समोर कुठल्याशा कचेरीतले साहेब होते, मुरलेले खेळाडू. डाव सरत आला तेव्हा काकाजींचं अगदी कडेचं, हत्तीच्या ओळीतलं प्यादं शेवटच्या घरापासून एक पाऊल दूर होतं आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं. साहेबांनी रीतीप्रमाणे आपला राजा आडवा केला आणि हात पुढे केला. काकाजींनी स्वतःचे दोन्ही हात मागं घेतले.

"नाई साहेब. एक चाल थांबा."

"अहो, मी हरलो. तुम्ही जिंकलात."

"जिंकलो ते ठीक हाय. पण याचं राहून जाते ना," काकाजी प्याद्याकडे बोट दाखवून म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी राजा उभा केला आणि एक घर सरकवला. काकाजींनी प्यादं पुढं टाकलं, दोन बोटांनी अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी वजीर बसवला. साहेबांनी आणखी एक चाल केली. आता शह येणार म्हणून आम्ही सगळे वाकलो. तर काकाजींनी तो नवा वजीर धरला आणि सरळ खाली, आपल्या बाजूला, ते प्यादं डावाच्या सुरुवातीला जिथं उभं होतं नेमक्या त्या घरात आणून ठेवला.

"हे काय? शह द्या ना, काकाजी," साहेब म्हणाले.

"देतो साहेब. पहिले घरच्यायले दाखवून आणतो."

 साहेबांनी घड्याळाला हात लावला नाही आणि पुढची चाल करायचीही घाई केली नाही.