साडूचा फेटा आन् माझा पाळना

माझा साडू म्हंजे माझ्या बायकूच्या थोरल्या बहिनीचा नवरा. साखर कारखान्यात कायम. मी टेम्पोवर डायवर, टेम्पोबी दुसऱ्याचा. देवानं त्याला पोट दिलं, आन् मला त्या पोटाकडं बघून जळायला डोळं दिलं.

आमची सासुरवाडी कर्जतकडं. जत्रंला जावयांना बोलवून मान द्यायची तिथं रीत हाय. त्या साली सासऱ्यानं थोरल्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा ठेवला, तुऱ्याचा. मला टॉवेल-टोपी. टोपी एवढी ढगळ की कानावर येऊन थांबली.

मेहुना म्हनला, "दाजी, कान हायेत म्हनून बरं, न्हाईतर गळ्यात पडली असती."

सगळी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. आतून नुसता धूर.

जेवताना तीच गत. सासू मला इचारायची, "धाकले, वाढू का?" आन् पळी जायची थोरल्याच्या ताटात. त्याच्या ताटात मटनाची नळी, माझ्या ताटात रस्सा. रश्श्यात मला माझंच तोंड दिसत हुतं.

दिस मावळायला सगळी जत्रंत गेलो. बाया बांगड्यांच्या दुकानाला चिकटल्या, सासरा-मेहुना वळखीच्या मानसात अडकले. साडू आन् मी मोठ्या पाळन्यापाशी हुबे. साडू म्हनला, "साडूभाऊ, हा फेटा जरा धरा. कपाळ लई आवळतंय. मी भजी खाऊन आलोच."

आता फेटा काय हातात धरायची वस्तू हाय व्हय? टोपी खिशात कोंबली, फेटा डोक्यावर चढवला आन् गेलो पाळन्यात बसायला. मनात एकच, साऱ्या जत्रंनं एकदा खालून मान वर करून माझ्याकडं बघावं.

देवानं लगेच ऐकलं.

पाळना इंजनाच्या पट्ट्यावर फिरायचा. मी पार वर गेलो आन् तो पट्टा फाडदिशी तुटला. पाळना एकदम थांबला, मग उलटा फिरला, परत सुलटा आला, आन् लोखंड असं कराकरा वाजाय लागलं की माझ्या दातात कळ आली. बाया-पोरं किंचाळत हुती. शेवटी पाळना डुलत डुलत हुबा राह्यला. माझी बैठक बराबर टोकाला. खाली बघितलं तर मानसं मुंग्यांयेवढी.

तेवढ्यात खालून सासूचा आवाज आला. "अगं बया! तो बघा गुलाबी फेटा! थोरले जावई अडकले गं!"

मी वरडनार हुतो, 'मामी, मी हाय, धाकला.' तोंड उघडलंबी. पन सासूनं हात जोडले, "देवा, माझ्या जावयाला सुखरूप उतरव, गुळानं तोलीन त्याला!" आन् मी तोंड मिटलं. इतक्या वर्सात माझ्यासाठी कुनी साधा नारळ बोललं नव्हतं. म्हनलं, जरा येळ थोरलाच राहू. वरून हातबी हलवला. थोरला हलवतो तसा, सावकाश.

मग आमच्या मंडळीचा आवाज आला. बहिनीच्या गळ्यात पडून रडत हुती, "अक्काचं कसं व्हईल आता!" आन् मधीच म्हनली, "आन् आमचं हे कुठं तडमडलं? कामाच्या येळंला कधी सापडायचं न्हाईत!"

मरनाच्या दारात मानसाला देव आठवतो म्हनत्यात. मला साडूवरचा राग आठवला.

तेवढ्यात माझ्या फुडची आडवी दांडी सुटली. कडी धक्क्यानं निसटली हुती. वारं सुटलेलं, बैठक फुडं कलंडायची अन् मी तिच्यासंगं. बांधायला काय हाय? फेटा. फेटा सोडला तर मान जातो, न्हाई सोडला तर जीव जातो. आता तुमाला काय सांगू, मी इचार केला. खरंच केला, बसून. बैठक परत कलंडली तवा कुठं फेटा उलगडला, सोगा कमरंला गुंडाळला आन् लोखंडाला गाठीवर गाठी मारल्या. उरलेला गुलाबी कपडा वाऱ्यावर फडफडाय लागला. खाली सासूनं हंबरडा फोडला.

मग गावातल्या तालमीतल्या गड्यांनी दोर लावून पाळना हातानं वढला, एकेक बैठक खाली आनली. माझी आली तवा मी पोत्यासारखा बांधलेला, टक्कल उघडं.

सासू म्हनली, "बया! हे तर धाकले!"

आन् मागून साडू आला, हातात भज्याचा कागुद. "काय झालं?"

दुसऱ्या दिशी देवळापाशी आडत्याची मोठी तागडी बांधली. सासू इचारात पडली. नवस बोलली एकाच्या नावानं, लटकला दुसराच. साडू म्हनला, "मामी, बोललात माझ्या नावानं, तर मी बसतो." गडी पारड्याकडं निघालाबी.

सासरा म्हनला, "थांबा. देवानं उतरवला त्यो बसंल."

बसलो मी. पारड्यात मांडी घातली तवा वाटलं, आज जिंकलो. सासू गूळ ठेवाय लागली. ढेपंवर ढेप. जरा येळानं तिचं तोंड फुललं. मेहुन्याला म्हनली, "बरं झालं बाई धाकले हुते. थोरल्याला आख्खं गुऱ्हाळ लागलं असतं."

सगळी हसली. मीबी हसाय लागलो, सवयीनं. गुळाचं पारडं टेकायला आलं हुतं.

आन् टेकंना. सासूनं आनखी एक ढेप ठेवली. तरी न्हाई. "दिसत्यात त्यापरीस लई भरले की हे!"

मी वळून बघितलं. आमची मंडळी माझ्या पाठीमागं हुबी हुती, पदराखालून हात घालून माझं पारडं खाली दाबत. डोळं रात्रभर रडल्यागत सुजलेलं.

ओठ न हलवता म्हनली, "फुडं बघा. हलू नका."