अंगठ्यानं लावायची वेल

जमीन मी जेठात, भर उन्हाळ्यात पाहिली, तिथंच चुकलं.

जयपूरहून टोंक रोडनं बाहेर पडून आत वळलं की एक गाव लागतं. त्या गावच्या तळ्याच्या बांधाखालचा तो तुकडा. माती भेगाळलेली, वर पांढुरका थर, कडेला वाळलेलं उंच गवत. मी विमा कार्यालयात अधिकारी आहे, कागद वाचणं हे माझं रोजचं काम. पट्टा, जमाबंदी, नकाशा, सगळं तीनदा तपासलं आणि नोंदणी माझ्या नावानं केली. आमच्या घराण्यात कोणाच्याही नावावर झालेली ही पहिली जमीन. मालवीय नगरच्या फ्लॅटवर परत येताना मी गाडीत ताठ बसले होते, ते मला अजून आठवतं.

श्रावणात आम्ही लिंबाची रोपं घेऊन गेलो, तर जमीनच दिसेना. बांधातून पाझरलेलं पाणी मांडीपर्यंत उभं होतं. शेजारच्या शेतातले म्हातारे शेतकरी आले. त्यांना आम्ही पुढे काकासा म्हणू लागलो. ते म्हणाले, हे पाणी होळीशिवाय हलत नाही, दरवर्षीचंच आहे, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? माझी मुलगी रोपांची पिशवी धरून उभी होती. ती इथेच वाढली, तिच्या मराठीत हिंदी कायमची वस्तीला आहे.

"आई, मतलब आपण तळं विकत घेतलं?"

नवरा हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

खरं तर हे मला कळायला हवं होतं. माझे बाबा भंडारा जिल्ह्यातले, तळ्यात शिंगाडे लावणारे. तळं त्यांचं कधीच नव्हतं. दरवर्षी लिलाव व्हायचा, ज्याला ठेका मिळेल त्याच्या पाण्यात ते उतरायचे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळ्याच्या तळाला अशाच हातभर खोल भेगा पडतात आणि वर असाच पांढरा थर येतो. त्या भेगांतून उड्या मारत मी लहानाची मोठी झाले. पण त्या दिवशी माझं लक्ष नकाशावर होतं.

जमीन दाखवणाऱ्या दलालानं दोनदा फोन केला. जमीन परत घ्यायला तयार होता, अर्थात तो म्हणेल त्या किमतीला. नवरा बँकेतला माणूस, त्याला हे पटत होतं. वादावादी झाली आणि शेवटी दोन अटी ठरल्या. त्याची अट, या पाण्यात आता आणखी खर्च ओतायचा नाही. माझी अट, पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत विकायचं नाव काढायचं नाही. दिवाळीपर्यंत जमिनीनं काही दिलं नाही तर दलालाला मी स्वतः फोन करणार. हे मी बोलून बसले.

मग मी दर रविवारी तिथं जाऊन उभी राहू लागले. भराव टाकायचा तर मातीचे ट्रकच्या ट्रक लागले असते, ते बाद. मासे म्हटलं तर काकासा म्हणाले, होळीनंतर मासे काय चालत तळ्यात जाणार, बाईसा? मुलीनं म्हशींसाठी स्विमिंग पूल सुचवला. पहिला उपयोग सापडला तो कडेच्या पाणकणसाचा. त्याला तिकडे पटेरा म्हणतात. काकासांना गोठा शाकारायचा होता. त्यांनी पटेरा कापून न्यावा आणि त्या बदल्यात जमीन मोकळी करून द्यावी, असं ठरलं. चार दिवसांत त्यांच्या घरच्यांनी सगळं साफ केलं. माझा काही खर्च झाला नाही. पण पटेरा फक्त कडेला होता, मधलं पाणी तसंच.

त्याचं उत्तर मालवीय नगरच्या बाजारात मिळालं. दसऱ्यानंतर तिथं शिंगाड्याच्या गाड्या लागतात. मी वर्षानुवर्षं त्या गाडीवरून शिंगाडे आणते. इथल्या मराठी मंडळींत, उपासाच्या पदार्थांवरून शिंगाड्याच्या पिठाचा विषय निघतो, तेव्हाही हे पीठ ज्याचं होतं तो शिंगाडा माझे बाबा कंबरभर पाण्यात उभं राहून काढायचे, असं मी कधी बोलले नाही. लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. त्या संध्याकाळी गाडीवाल्याला मी विचारलं, भैया, माल कुठला? तो म्हणाला, टोंककडच्या तळ्याचा, आमच्याच घरचा. मी म्हटलं, वेली देणार का? आषाढात या, हव्या तेवढ्या घेऊन जा.

घरी येऊन मी बाबांना फोन लावला. पाणी किती लागतं, वेल किती अंतरावर लावायची, एवढंच विचारायचं होतं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले,

"कायले शिकवलं तुले? चिखलात उतराले?"

आणि फोन ठेवला.

यामागची गोष्ट सांगायला हवी. मी तालुक्याच्या कॉलेजात जायला निघाले तेव्हा बाबांनी मला कॅनव्हासचे बूट आणले होते. स्वतः ते जन्मभर अनवाणी. त्यांच्या बोटांच्या बेचक्या पाण्यानं कुजलेल्या असायच्या आणि पिंढरीवर जळवांचे डाग. बूट माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले होते, आता हे पाय चिखलात जायचे नाहीत. मी पदवी घेतली, परीक्षा दिल्या, अधिकारी झाले. त्यांचा शब्द मी पाळला होता. आता तो मोडणार होते, आणि तो कसा मोडायचा हेही त्यांनाच विचारत होते. त्यांना राग येणारच.

त्यानंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी पावसापाण्याचं विचारून विषय बदलला. मग मीही ठरवलं, लहानपणी बघितलं आहे, तेवढं पुरे.

आषाढाच्या शेवटी पाणी दीड फूट चढलं. गाडीवाल्याकडून ओल्या पोत्यात वेली आणल्या. मी गमबूट चढवले, दोन खुंटांना दोरी बांधून सरळ रेषा आखल्या, फूटपट्टीनं अंतर मोजलं आणि वाकून वाकून एकेक वेल हातानं चिखलात खोचली. काकासा बांधावर बसून बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, बाईसा, ऑफिस जैसा काम कर रही हो. मला ते कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी गेलो तर निम्म्याहून जास्त वेली सुटून पाण्यावर आल्या होत्या आणि वाऱ्यानं एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. मी पुन्हा गमबूट घालून उतरले. बूट चिखलात रुतले, पाय उचलला की बूट खालीच राहायचा. एक वेल खोचली की मागची वर यायची. तरी मी खोचतच राहिले.

तेवढ्यात नवऱ्यानं मला न विचारता भंडाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. मला कळलं ते बांधावरून बाबांचा आवाज आला तेव्हा.

"हे दोरी कायची? कापूस लावला का पाण्यात?"

नवऱ्यानं फोन माझ्याकडे फिरवला. बाबांना तरंगणाऱ्या वेली दिसल्या, माझे चिखलानं भरलेले हात दिसले. मला वाटलं, आता फोन ठेवतील. पण शिंगाड्याची वेल अशी वाऱ्यावर फिरताना त्यांना बघवेना.

"बुटं काढ," ते म्हणाले.

मी काढले. नवऱ्यानं ते बांधावर ठेवले. चिखल थंड होता आणि घोट्याच्या वर आला.

"दोन वेली घे. बुडाशी गाठ मार. गाठ पायाच्या अंगठ्यात धर. आता दाब. टाच नोको टेकवू, अंगठाच. आन् ओढून घे पाय हळूच, वेल तिथंच राह्यली पायजे."

पहिली गाठ माझ्या पायाबरोबर वर आली. ते म्हणाले, घाई करून रायली तू. दुसरी राहिली, तिसरीही. मी खाली बघायला वाकले तर ओरडले, हातानं चाचपू नोको, पायाले समजते. आणि खरंच, अंगठ्याला समजत होतं. चिखल कुठे मऊ आहे, कुठे घट्ट, गाठ बसली की नाही. नवऱ्याचा हात दुखायला लागला तेव्हा त्यानं फोन मुलीकडे दिला. ऊन चढेपर्यंत सगळ्या वेली परत लागल्या. रेषा काही सरळ आल्या नाहीत.

त्यानंतर बाबांचा दर रविवारी फोन येऊ लागला. पानांवर लालसर किडे आले तेव्हा औषध मारू नकोस, हातानं वेच, असं सांगितलं. मुलीनं आणि मी बरणीत भरभरून वेचले. भाद्रपदात पांढरी फुलं आली. दसऱ्याला पहिली तोडणी झाली, काट्यांनी बोटं फुटली. निम्मा माल काकासांच्या घरच्यांनी चौकात विकला, तोडणीचा वाटा म्हणून. उरलेला आम्ही उकडला आणि मंडळींत वाटला. कोणीतरी विचारलं, कुठून आणले एवढे ताजे? मी म्हटलं, माझ्या तळ्यातून. माझे बाबा हेच करतात, त्यांनीच शिकवलं.

दिवाळीच्या पाडव्याला बाबांचा फोन आला. दिवाळीच्या अटीचं आणि दलालाचं त्यांना नवऱ्यानं केव्हाच सांगून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "तळं कोणाच्या नावावर हाये?"

"माझ्या."

"ठेका नाही? लिलाव नाही?"

"नाही, बाबा. आपलंच आहे."

मग ते म्हणाले, पुढच्या तोडणीतले पिकलेले, जड शिंगाडे बियाले ठेव. मडक्यात पाणी भरून, सावलीत. पाणी बदलत राह्य.

मडकं आमच्या बाल्कनीत आहे. पाणी नवरा बदलतो आणि दर वेळी वास येतो म्हणून कुरकुरतो. दलालाला मी फोन केला नाही. गमबूट काकासांना दिले, गोठ्यात वापरतात.