निबंधापुरतं दुःख
लेमनग्रासचा वास आला की अॅडमिशनच्या सल्लागाराचं कोरमंगलातलं, त्याच वासानं भरलेलं ते थंडगार ऑफिस आठवतं आणि माझं डोकं फिरतं. परदेशातल्या नामांकित विद्यापीठाच्या अर्जासाठी बारावीतल्या लेकीनं निबंध लिहिला होता, दर रविवारी आम्ही बापलेक बेळ्ळंदूरच्या, सांडपाण्यानं फेसाळलेल्या तळ्याकाठी पक्षी बघायला जातो, त्यावर. सल्लागारानं तो वाचून बाजूला सारला. म्हणाला, "छान आहे, पण यात दुःख नाही. वडील लहानपणीच गेले असं टाकू या. कोण तपासतंय?" मी समोर बसलो होतो! निबंध ओढून घेतला, लेकीचा हात धरला आणि तडक बाहेर पडलो. रिक्षात बसल्यावर ती हळूच म्हणाली, "अण्णा, आपल्या घरी खरंच सांगण्यासारखं काही घडलंच नाही का?" आमच्या साध्या सुखाची तिला लाज वाटायला लावली त्या माणसानं. तो राग अजून उतरलेला नाही.