ताटावरचा हात

हॅनोव्हरच्या मराठी मंडळात ऊर्मिला देवस्थळींकडे जेवायचं बोलावणं आलं, की शहाणी माणसं सकाळचा नाश्ता करत नाहीत. पाहुण्यानं "पुरे" म्हणावं, दोन्ही हात पसरून ताटावर ओणवं व्हावं. ऊर्मिलाताई आपल्या पोळी घेऊन शांत उभ्या. हात जरा हलला, की पोळी पडलीच म्हणून समजा. शेजारच्या फ्राऊ बेकर पहिल्यांदा आल्या तेव्हा जर्मनमध्ये "गेनूग, गेनूग", म्हणजे "पुरे, पुरे", करत राहिल्या आणि चौथ्या पुरणपोळीनंतर सोफ्यावर आडव्या झाल्या. मैत्री जमली ती तिथूनच.

या बेकरबाईंची एक संस्था आहे. मलावीतल्या एका खेड्यात दवाखान्याला आणि शाळेला हातभार लावते. पाळीच्या दिवसांत तिथल्या मुली शाळा बुडवतात, हे कानावर पडलं आणि ऊर्मिलाताईंनी शिलाई मशीन बाहेर काढलं. धुऊन पुन्हा वापरता येतील असे कापडी पॅड त्या दर शनिवारी शिवू लागल्या. हरीशराव, म्हणजे त्यांचे यजमान, जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात घालवलेला माणूस. ते कापड कापून द्यायचे. फक्त 'पाळी' शब्द निघाला की खिडकीबाहेरचं हवामान बघायचे. मुलगा म्युनिकला, नातवंडं फोनवर मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देणारी. ऊर्मिलाताईंचा अख्खा आठवडा त्या शनिवारच्या जिवावर चालला होता म्हणा ना.

मग संस्थेनं गावातच शिवणवर्ग काढला. आणि यंदा, फ्राऊ बेकर मलावीला निघायच्या तोंडावर, तिथल्या बायकांच्या गटाची प्रमुख एस्नार्ट व्हिडिओवर आली. तिच्या मागं मशीनची नुसती खडखड.

"ऊर्मिला, आता पाठवू नका," ती हसून म्हणाली. "आम्हीच शिवतो, बाजारात विकतो. तुमचे फुकटचे आले, की आमचे कोणी घेत नाही."

"बरं, मग थोडेच पाठवते."

"थोडेही नकोत."

"अगं, शिवून तयार आहेत!"

"नको, ऊर्मिला."

फोन बंद झाला तरी बाई पडद्याकडे बघतच बसल्या. "अहो, ऐकलंत? नको म्हणे!"

"ताटावर हात ठेवलाय तिनं," हरीशराव म्हणाले.

"हात काय, सगळेच ठेवतात!"

दुसऱ्या दिवशी प्रवासाचा चिवडा द्यायच्या निमित्तानं त्या शेजारी गेल्या आणि बेकरबाईंच्या उघड्या बॅगेत चिवड्याखाली पॅडचा गठ्ठा सरकवून आल्या. वाढून मोकळ्या! घरी येऊन सवयीनं मशीनपाशी बसल्या. शिवायला काही नव्हतं. मशीन आपलं गप्प. त्या शांततेत त्यांना तिकडची खडखड आठवली. आपला गठ्ठा पोचला, तर तिथलंही एखादं मशीन असंच गप्प बसायचं.

बाई चपला अडकवून पुन्हा शेजारी.

"फ्राऊ बेकर, चिवड्यात मीठ कमी पडलंय. जरा परत द्या."

"मीठ? मी आत्ताच खाल्ला. झकास आहे."

"हो, हो, पण तरी."

त्यांनी बॅगेत हात घालून गठ्ठा ओढला आणि पदराआड धरला. पदर अर्धा, गठ्ठा पाऊण.

"असं होय," बेकरबाई म्हणाल्या, "मला वाटलंच. चिवडा इतका मऊ नसतो. तो तरी ठेवा बरं."

गठ्ठा मग हॅनोव्हरमधल्याच बायकांच्या आसराघराला गेला. आधी फोन करून, हवेत का असं विचारून! ऊर्मिलाताईंनी आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला असावा. हरीशराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत उभे राहिले.

महिन्याभरानं फ्राऊ बेकर परतल्या, त्या एस्नार्टनं शिवलेल्या दोन रंगीत पिशव्या घेऊन. ऊर्मिलाताईंनी टाके उलटसुलट तपासले. खोड काढायला जागा सापडेना. लगेच व्हिडिओ लावला.

"अगं, कशाला? एक पुरे होती!"

"दुसरी हरीशना."

"त्यांना कशाला गं? नको, खरंच नको." आणि बाईंनी दोन्ही तळवे पडद्यासमोर आडवे पसरले.

एस्नार्टनं तळव्यांकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं. मग तिसरी कुठल्या रंगाची शिवू?"

हरीशराव इतके हसले, की त्यांना खिडकीपाशी जावं लागलं. ऊर्मिलाताईंनी हळूहळू हात खाली घेतले.

"निळ्या," त्या म्हणाल्या.