भिंतीतल्या पायऱ्या

कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी दौलतकाका चपला काढून ठेवत. चहा बशीत ओतून पीत, पण बशी कीबोर्डपासून लांब, खिडकीत. नकाशावर रेघ मारली की मान तिरकी करून तिच्याकडे बघत, मागावरच्या सुताकडे बघावं तशी. फाइल सेव्ह झाली की हळूच म्हणत, "बसली." कुणी तावातावानं आलं की आधी खुर्ची पुढं करत.

गेल्या सोमवारी ते आले नाहीत. लालबागच्या खोलीत पहाटे छातीत कळ आली आणि संपलं. मला ते अजून नीट कळलेलं नाही.

संपाच्या वर्षी ते परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. गिरणी सुटली. गावाला परत न जाता ते ट्रेसिंग शिकले आणि किनारी बांधकामांच्या सरकारी कचेरीत नकाशे काढू लागले. धक्के, बांध, भिंती. शाई गेली, कॉम्प्युटर आला, तोही शिकले. निवृत्तीनंतरही कंत्राटावर तिथंच राहिले. मी साहित्याचा पदवीधर तिथं मराठी जाहीर सूचना लिहायला लागलो, तेव्हा मला टेबल नव्हतं. "हेरंब, इकडं बस रे," म्हणत त्यांनी आपलं अर्धं टेबल रिकामं केलं. सगळी नोकरी मी त्या अर्ध्या टेबलावर शिकलो.

यंदा वरळी कोळीवाड्याजवळच्या एका लहान भिंतीचा नकाशा त्यांच्याकडे होता. लाटा अडवणारी, सलग भिंत. साहेबांनी सांगितली तशी त्यांनी काढली. पण तिनं मासळी वर आणायची जुनी वाट बंद होणार होती. हरकती फक्त ऑनलाइन घ्यायच्या होत्या, नकाशात जागेवर खूण करून. कोळणींनी मोबाइलवरून भरल्या आणि सगळ्या परत आल्या. शेरा एकच: जागा वॉर्डाच्या हद्दीबाहेर. त्यांनी खूण केली होती होडी लागते तिथं. पाण्यात.

"हरकत एकही नाही," साहेब म्हणाले. "नकाशा फायनल करा."

काकांनी केला नाही. मुदत संपायच्या आत ते मला घेऊन कोळीवाड्यात गेले. शेवंताबाय तिथली मासळी विकणारी. ती आमच्यावर तुटूनच पडली.

"पाण्यात वॉर्ड नाय? मग मतं मागायला पार पाण्यापर्यंत कशाला येतात रे?"

"ते त्यांना विचार, बाय. मला एवढंच सांग, टोपली घेऊन वर येताना तू पाय कुठं टेकवतेस?"

"तुझ्या डोसक्यावर."

बाया हसल्या. काकाही हसले. मग तिनं काठावरच्या एका काळ्या दगडाकडे हात केला. काका त्यावर जाऊन उभे राहिले.

"आता मोबाइलवर मी उभा आहे तिथं खूण कर, बाय."

तिची हरकत गेली, परत आली नाही. मग एकेक करत सगळ्यांच्या गेल्या. सुनावणी झाली, आणि भिंतीत पायऱ्या ठेवायचं ठरलं. ती सलग रेघ काकांनीच तोडली, चपला काढून, दुपारभर बसून.

काल शेवंताबाय कचेरीत आली. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "माझी सून आता भिंतीला वळसा घालनार नाय. ते त्याला सांगायचं राहिलं." मलाही पुष्कळ सांगायचं राहिलं.

आज मी तो नकाशा उघडला. तळच्या पायरीची उंची काकांनी ठरवली नव्हती. म्हणाले होते, अमावस्येच्या ओहोटीला जाऊ, शेवंताबाय भरली टोपली घेऊन उतरेल, तिचा पाय कुठं पोचतो ते बघू. अमावस्या पुढच्या आठवड्यात आहे. बाकीच्या पायऱ्या पक्क्या रेघेत आहेत. तळची तुटक.