पेल्यांची उतरंड

भूकंपानंतर लातुरात दोन गोष्टी वाढल्या: घराबाहेर झोपणं आणि परगावाहून कोचिंगला येणारी मुलं. पहिली काही महिन्यांत ओसरली, दुसरी अजून चालू आहे. आमच्या घरात मात्र दोन्ही टिकल्या.

वडील गेल्यावर माझ्या मोठ्या भावानं, दादानं, स्लॅबच्या सगळ्या खोल्या कॉटच्या हिशेबानं विद्यार्थ्यांना दिल्या. आई राहिली अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. तिचं माहेर किल्लारीच्या अलीकडचं. त्या पहाटे तिथली दगडमातीची घरं बसली आणि त्यात तिची चुलती गेली. आमच्या लातूरच्या घराला फक्त एक चीर पडली, पण आईनं स्लॅबशी संबंध कमी केले ते कायमचेच. स्वयंपाक स्लॅबखाली, टीव्ही स्लॅबखाली, झोप पत्र्याखाली. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर फोटोला हार येतोय," एवढंच तिचं स्थापत्यशास्त्र होतं. शिवाय उशाशी फळीवर तीन स्टीलचे पेले एकावर एक उपडे, आणि त्या उतरंडीवर तांब्या. जमीन हलली की हे सगळं कोसळणार आणि माणूस जागा होणार. त्या काळात ही यंत्रणा घरोघरी होती. आमच्याकडं तिची चाचणी बहुतेक वेळा मांजरानं घेतली.

मी नांदेडला इंजिनिअरिंग केलं आणि नोकरीसाठी टोकियोला गेले. तिथं बरीच वर्षं भाड्यानं राहिले. घरमालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "परदेशी आहेत का?" दुसरा प्रश्न क्वचितच यायचा, कारण तोवर घर दुसऱ्या कुणाला दिलेलं असायचं. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, बँक कर्जाला तयार झाली, तेव्हा मी जुन्या इमारतीतला एक फ्लॅट पाहिला. दोन खोल्या, सहावा मजला. दुसरी खोली आईसाठी. निदान तीन-तीन महिने तरी तिनं येऊन राहावं, ही माझी इच्छा. पण ती तिथं झोपणारच नसेल तर दुसऱ्या खोलीचे हप्ते कशासाठी भरायचे? म्हणून सही करण्याआधी मी सुट्टी काढून लातूरला आले.

जपानात घर विकण्यापूर्वी परवानाधारक एजंटनं सगळी कागदपत्रं ग्राहकाला समजावून सांगावी लागतात. कायदाच आहे तसा. हे व्हिडिओवरही चालतं. तेव्हा एका सकाळी मी दादाच्या ऑफिसात, म्हणजे पूर्वीच्या आमच्या देवघरात, लॅपटॉप उघडून बसले. आई उंबऱ्यावर सुपात मूग निवडत होती. अर्धी स्लॅबखाली, अर्धी आभाळाखाली.

दादानं फ्लॅटचा नकाशा हातात घेतला. "हे सहा-सहा काय लिवलंय?"

"चटया. तिथं खोली चटयांवर मोजतात."

"मंग आपल्यासारखंच की! आपण कॉटवर मोजतो." त्यानं डोळे मिटून हिशेब केला. "सहा चटयांत तीन कॉट आरामात. बंक टाकले तर सहा पोरं. मेस कुठं काढणार?"

"दादा, तिथं मी राहणार आहे."

"एकटी? एवढ्या जागेत?" त्याला खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर एजंट बाई आल्या. वाकून नमस्कार केला आणि गळ्यातलं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

"हे काय दाखवायली?" आईनं विचारलं.

"परवाना. तो दाखवल्याशिवाय त्यांना वाचता येत नाही."

आई मूग निवडायची थांबली. तिला आमच्याकडचे घरं विकायचे समारंभ माहीत होते. भूकंपानंतर शहरात प्रत्येक पाटीवर 'भूकंपप्रूफ' आलं होतं. एका मिठाईवाल्यानंही ते दुकानावर लिहून घेतलं होतं. एका बिल्डरनं फेटा बांधून, तुतारी वाजवून भूमिपूजन केलं आणि ही इमारत हजार वर्षं हलणार नाही असं सांगितलं. तो हे सांगत होता ते स्टेज तेव्हाच सत्कारमूर्तींच्या वजनानं एका बाजूला बसलं.

इथं तुतारी नव्हती. बाई तासभर वाचत होत्या. पाण्याचे पाइप किती जुने आहेत. पूर आला तर कोपऱ्यावर गुडघाभर पाणी येईल. समोरचा प्लॉट रिकामा आहे, उद्या तिथं इमारत झाली तर ऊन जाईल. बाल्कनी संकटकाळी पळायची वाट आहे, तिथं सामान ठेवायचं नाही. मी एकेक कलम मराठीत सांगत होते.

"ही बाई घर विकायली का मोडता घालायली?" दादा म्हणाला.

"गप रे. खोटं बोलंना ती," आई म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून मला म्हणाली, "तिला इचार माय, भूकंपात पडंल का?"

मी विचारलं. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

"पडणार नाही असं मी म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "हलेल, जोरात हलेल. भेगा पडतील. नंतर राहण्याजोगं राहणार नाही, असंही होऊ शकतं. ज्या नियमांनी ही इमारत बांधली त्यांचा हेतू एवढाच, की आतली माणसं जिवंत बाहेर पडावीत." मग त्यांनी विचारलं, "आईंनी मोठा भूकंप पाहिलाय का?"

"हाव म्हण," आई म्हणाली.

"माझ्या आजीनंही. ती अजून उशाशी बूट ठेवून झोपते. काचांवरून पळता यावं म्हणून."

मी हे आईला सांगितलं. "बूट," ती म्हणाली. "हे आपल्याला सुचलंच न्हाई. हुशार हाय म्हातारी." आणि सूप पुन्हा ओढून घेत, "घे घर."

"येशील?"

"येते. झोपायचं काय ते आल्यावर बघू."

ती आली. बॅगेत तीन पेले, एक तांब्या आणि लातुरात घेतलेले पांढरे स्पोर्ट्स शूज. पेल्यांची उतरंड सहाव्या मजल्यावर रचली गेली आणि पहिले चार दिवस आई बाल्कनीत झोपली. पाचव्या दिवशी सोसायटीचे सचिव दारात आले आणि फार वाकून, फार दिलगिरी व्यक्त करून, बाल्कनी ही पळायची वाट असल्याची आठवण करून दिली.

"वाचून दाखवलं होतं की आपल्याला," आईनं कबूल केलं आणि अंथरूण आत घेतलं. पण रात्रभर भिंतीला टेकून ती नुसती बसून राहायची.

पुढच्या रविवारी दुपारी एजंट बाई भेटायला आल्या. माझ्याकडं कप दोनच. आईनं उठून फळीवरचा तांब्या उतरवला, तिन्ही पेले विसळले आणि त्यांत चहा ओतला. दोघी दोन तास बोलल्या. मी अर्धंच भाषांतर केलं, बाकीचं त्यांनी हातवाऱ्यांनी भागवलं.

बाई गेल्यावर मी पेले धुतले, पुसले आणि फळीवर रचायला आईच्या खोलीत गेले. ती चटईवर कुशीवर झोपली होती. उशाशी बूट, नाड्या सैल केलेले. मी पेले परत स्वयंपाकघरात आणून ठेवले.

तेवढ्यात दादाचा फोन.

"हळू बोल, आई झोपलीय," मी म्हणाले.

"कुठं?"

"आत. स्लॅबखाली."

फोनमधून लातुरातला दुपारचा भोंगा, कुणाच्या तरी क्लासची घंटा, सगळं ऐकू येत होतं. मग त्यानं विचारलं, "मंग ती पत्र्याची खोली... कूलर लावला तर दोन कॉट बसत्यात बघ."

"ती परत येणार आहे, दादा," मी म्हणाले.