उंदीर पडला होता

फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास, सोलापुरात माझ्या खोलीतला जोडीदार मल्लप्पा गाठीच्या तापाने — म्हणजे प्लेगने — वारला. तो अठरा वर्षांचा होता. आम्ही दोघे मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि परीक्षा महिन्यावर आली होती. १९१८ साली महायुद्ध संपून तेव्हा सहा वर्षे झाली होती. एवढे पुष्कळांना ठाऊक आहे. पुढचे मी कधी कुणाला सांगितलेले नाही — बायकोला नाही, कचेरीत रोज शेजारी बसणाऱ्यालाही नाही.

आधी खोलीबद्दल. खोली वगळली तर बाकीचे कळणार नाही.

नरसम्मा नावाच्या तेलुगू बाईच्या घराच्या मागच्या अंगाला ती होती. पुढे तिच्या घरचे हातमाग चालत. मागच्या खोलीत पूर्वी सूत ठेवीत. भिंतींवर निळ्या-तांबड्या रंगाचे डाग होते, जमीन उखणलेली होती. मी करमाळ्याचा, मला ती अंग टाकायची जागा वाटली. मल्लप्पा मैंदर्गीचा, धनगराच्या घरातला. त्याला तसे वाटले नाही. पहिल्याच रविवारी त्याने चुना कालवून भिंती पांढऱ्या केल्या, जमीन चोपली, शेणाने सारवली. सुताच्या पेटीच्या फळ्या ठोकून पुस्तकांना फडताळ केले. तेलाच्या रिकाम्या डब्यात गवती चहा लावून तो खिडकीत ठेवला. दाराशी दोन खुंट्या मारल्या — एक त्याच्या पटक्याला, एक माझ्या टोपीला.

"खोली म्हनू नगंस, सदोबा. घर म्हन की," तो म्हणे. "आपुन काय भाडेकरू हाय व्हय?"

"मग कोण?"

"मी कारभारीन. तू नुसता बसून खानारा."

माझे लहानपण मामांकडे गेले. तिथे मी पडवीत, दुसऱ्यांच्या ट्रंकांच्या मधे झोपत असे. माझी म्हणता येईल अशी खुंटी मला पहिल्यांदा त्या खोलीत मिळाली. हे कारण म्हणून लिहीत नाही. घडले त्या क्रमात येते, म्हणून लिहितो.

संक्रांतीला मल्लप्पा गावी गेला आणि तीन दिवसांनी आईने दिलेले ज्वारीचे पोते घेऊन परतला. त्यानंतरच्या बुधवारी सकाळी तो नळावर गेला असताना मला खिडकीखाली उंदीर दिसला. मेलेला. तोंडाशी रक्त होते.

त्या वेळचा नियम शहरात शाळकरी पोरालाही माहीत होता. घरात उंदीर पडला, म्हणजे असा मरून सापडला, की नगरपालिकेला कळवायचे. घर रिकामे करायचे, कौले काढून आत ऊन घ्यायचे, माणसांनी लस टोचून घ्यायची आणि महिना-दीड महिना गावाबाहेर झोपड्यांत राहायचे. नरसम्माचे माग बंद पडले असते. आमची खोली गेली असती — परीक्षेला सहा आठवडे उरले असताना. मी उभ्या उभ्या एवढा विचार केला. मग चुलीजवळचा चिमटा उचलला, उंदीर मागच्या नालीत टाकला आणि चिमटा राखेने घासला. मल्लप्पा घागर घेऊन आला तेव्हा चूल पेटलेली होती.

इथवर सांगणे त्या मानाने सोपे आहे. घाबरलेला पोरगा, परीक्षा, हातची जाणारी खोली — ऐकणारा मान हलवतो. मग इथेच थांबावे का? मनातल्या मनात मी अनेकदा इथेच थांबलो आहे.

शुक्रवारी शाळा चुकवून मी नगरपालिकेच्या दवाखान्यात गेलो आणि टोचून घेतले. एकटा.

मल्लप्पाला का नेले नाही? त्याने विचारले असते — आजच का? आणि मला सांगावे लागले असते. एवढेच. टोचणीने त्या संध्याकाळी मला ताप भरला, दंड सुजला. मी हिवताप असल्याचे सांगितले. मल्लप्पाने दोन दिवस अंबील करून पाजली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. "कारभारनीच्या हातचं हाय, टाकू नगंस," म्हणाला. माझ्या दंडाला चिंधी बांधलेली होती. बाही मी खालीच ठेवली.

माझ्याबरोबर तोही टोचून आला असता तर वाचला असता का? डॉक्टर म्हणतात, लस लागू पडायला दिवस जातात, खात्रीने सांगता येत नाही. मीही सांगू शकत नाही. आणि बुधवारीच घर सोडले असते तर? — हा प्रश्न मी आजवर कोणत्याही डॉक्टरला विचारलेला नाही.

पुढच्या गुरुवारी त्याला ताप आला. जांघेत गाठ उठली. शनिवारी इस्पितळात नेले. सोमवारचे वर लिहिले आहे.

त्याच संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस वही घेऊन नरसम्माच्या अंगणात आला. मल्लप्पाचे वडील नुकतेच गावाहून पोचले होते. खांद्यावर घोंगडी तशीच होती.

"घरात उंदीर पडला होता का?"

नरसम्मा नाही म्हणाली. तिच्यापुरते ते खरे होते. मग त्याने माझ्याकडे पाहिले. वडिलांनीही पाहिले.

"नाही," मी म्हणालो.

"मयत परगावी गेला होता?"

"मैंदर्गीला. संक्रांतीला."

"येताना काही आणलं?"

मी दारातून दिसणाऱ्या ज्वारीच्या पोत्याकडे बोट दाखवले. धान्याच्या पोत्यातून प्लेगच्या पिसवा येतात, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते. त्याने लिहिले — संसर्ग परगावाहून.

"मंजी आमच्याच घरनं आलं म्हना की," वडील म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. तेव्हा मला बोलता आले असते. अंगणात आम्ही चौघेच होतो.

पोते जाळले. घर रिकामे झाले. मी झोपडीत राहून परीक्षा दिली, पास झालो, पुढे वर्तमानपत्रात बातमीदार झालो. मैंदर्गीत त्या हिवाळ्यात एकही उंदीर पडला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या कागदांत मी ते तपासले. तपासून काय केले? कागद होता तिथे परत ठेवला.

गेल्या महिन्यात, म्हणजे दहा वर्षांनी, बाजाराच्या बातमीसाठी मला मैंदर्गीला जावे लागले. मल्लप्पाचे वडील वारल्याचे तिथे कळले. आई दारात बसली होती. नाव सांगितल्यावर तिने ओळखले.

"मल्लूच्या संगं ऱ्हात हुतास न्हवं तू? बस की बाबा, बस."

तिने बसायला घोंगडी टाकली, आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, पावन्याला पानी आन गं तुज्या घरचं."

मग माझ्याकडे वळली. "माज्या घरचं काई कुनाला देत न्हाय मी. लेक अक्कलकोटात दिली हाय. तिला बी न्हाय. दोन बाळंतपनं झाली तिची, मूठभर पीठ धाडलं न्हाय. लई रडली ती. पर आमच्या जवारीनं त्यो गेला. तुला ठावं हाय की. तू हुतास तितं."

"होतो, अव्वा," मी म्हणालो.

शेजारणीने तांब्या आणून दिला. मी पाणी प्यालो आणि साडेपाचच्या मोटारीने सोलापूरला परत आलो.